‘टाइम’ला रोमेनियनमध्ये काय म्हणतात?

एका एक्सेल फाइलमध्ये एक ओळ होती. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी शब्द ‘टाइम’, उजवीकडे त्याचं रोमेनियन भाषांतर ‘तिंप’. शब्दकोश उघडून पाहिला तर बोट ठेवायला जागा नाही. औषधांची आठवण करून देणारं एक छोटं ॲप आम्ही पुण्यात बनवत होतो आणि त्याची रोमेनियन आवृत्ती क्लुज शहरात बसलेला एक सहकारी तपासत होता. दुसऱ्या दिवशी त्याची मेल आली. चार स्क्रीनशॉट, चारही ठिकाणी ‘तिंप’भोवती लाल गोल आणि त्यातल्या तीन गोलांशेजारी फुल्या.

पहिल्या स्क्रीनवर गोळी किती वाजता घ्यायची ते भरायचं होतं. तिथे दिसत होतं ‘तिंप : ८:००’. दुसऱ्यावर गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची हे होतं. तिथे त्याच शब्दाचं अनेकवचन, ‘तिंपुरि : ३’. तिसऱ्यावर पुढच्या गोळीला किती वेळ उरलाय ते. चौथ्यावर नवख्या माणसाला ‘पहिल्यांदाच आलात का?’ असं विचारायचं होतं, आणि आमच्याकडच्या कोणीतरी ‘फर्स्ट’ आणि ‘टाइम’ हे दोन तुकडे शिवून ते तयार केलं होतं. चारांपैकी बरोबर फक्त तिसरा. दुसऱ्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘माझी आई विचारेल, ही गोळी तीन युगं घ्यायची आहे, की भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांत चालवायची आहे?’

भाषांतरकाराची यात काही चूक नव्हती. त्याला एक सुटा शब्द दिला, त्याने एक सुटा शब्द परत दिला. चुकला होता तो आमचा प्रश्न. ‘टाइम’ला रोमेनियनमध्ये काय म्हणतात, असं विचारून चालत नाही. कोणत्या ‘टाइम’ला, हे आधी सांगावं लागतं.

गंमत म्हणजे मराठी माणसाला हे कळायला मुळीच जड जाऊ नये, कारण आपलंही तसंच आहे. ‘डॉक्टरांचा वेळ घेतला’ आणि ‘डॉक्टरांची वेळ घेतली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात आपण त्यांची वीस मिनिटं खाल्ली, दुसऱ्यात फोन करून साडेपाचचा आकडा लिहून घेतला. शब्द तोच, फक्त लिंग बदललं. तो वेळ म्हणजे सरणारा, पुरणारा, वाया जाणारा. ती वेळ म्हणजे येणारी, ठरणारी, टळणारी. आणि तिचं अनेकवचन केलं की तिसरीच गोष्ट होते : ‘किती वेळा सांगू तुला?’ इथे घड्याळाचा काही संबंध नाही, ही मोजणी आहे. शिवाय ‘काळ’ वेगळा, ‘तीनदा’ वेगळं, ‘तिप्पट’ वेगळी. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ हे इंग्रजीत सांगायला जा, म्हणजे दोन्हीकडे ‘टाइम’च हाताला लागतो आणि म्हणीतला जीव जातो.

इंग्रजीने हे सगळं एकाच डब्यात भरून ठेवलंय. आपण ते इंग्रजी डब्यातून उचलून तिसऱ्या भाषेत ओतायला जातो, म्हणून सांडतं. मराठीतून थेट रोमेनियनकडे गेलं तर कप्पे बऱ्यापैकी जुळतात. तेच इथे करून पाहते.

आधी उच्चारांबद्दल थोडं. रोमेनियनमध्ये आपल्या ‘अ’सारखा एक तोकडा स्वर आहे आणि तो शब्दाच्या शेवटीही येतो. मराठीत शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, म्हणून तो ऐकू यावा यासाठी मी अवग्रह लावते आहे : ‘ओरऽ’, ‘दातऽ’. हा लांबवायचा नाही, जेमतेम टेकवायचा. ‘तिंपुरि’, ‘ओरि’ यांतला शेवटचा ‘इ’ तर कुजबुजल्यासारखा म्हणायचा. आणि ‘त’ आपल्यासारखाच, दातांवरचा.

आता सरणारा वेळ, म्हणजे ‘तो वेळ’. यासाठी रोमेनियनमध्ये एक नाही, दोन शब्द आहेत : ‘तिंप’ आणि ‘व्रेमे’. ‘नाम तिंप’ म्हणजे मला वेळ नाही. ‘नाम व्रेमे’ म्हणजेही मला वेळ नाही. पहिला थोडा कोरडा, कागदावरही शोभणारा. दुसऱ्याला घरातला, जरा जुन्या वळणाचा वास आहे.

दोन का, याचं उत्तर या भाषेच्या घडणीत आहे. रोमन सम्राट ट्राजानने इ.स. १०६ मध्ये डेशिया, म्हणजे साधारण आजच्या रोमेनियाचा मुलूख, जिंकला आणि डॅन्यूबच्या उत्तरेला लॅटिन पोचली. पुढे पावणेदोनशे वर्षांच्या आत रोमन सत्ता तिथून मागे हटली, बोली मात्र टिकली. ‘तिंप’ हा त्या लॅटिनमधल्या ‘तेंपुस’चा वारस. मग सहाव्या-सातव्या शतकापासून स्लाव्ह लोक शेजारी येऊन राहिले आणि नंतर कित्येक शतकं चर्चची आणि दरबाराची लिहिण्याची भाषा स्लाव्होनिक होती. तारीख सांगता येईल असं रोमेनियन भाषेतलं सर्वांत जुनं जे लिखाण हाती आहे, ते १५२१ सालचं एक पत्र आहे. किंपुलुंग गावच्या न्याक्शु नावाच्या माणसाने ब्राशोवच्या नगरप्रमुखाला तुर्की सैन्याच्या हालचालींची खबर दिली आहे. भाषा रोमेनियन, लिपी सिरिलिक, आणि सुरुवातीचा मायना चक्क स्लाव्होनिकमध्ये. आपल्याकडच्या जुन्या मराठी पत्रांत फारसी मायने असत ते आठवतंय ना, तोच प्रकार. ‘व्रेमे’ या स्लाव्ह शेजारातून आला. व्युत्पत्तिकार त्याचं मूळ ‘फिरणे, वळणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात आणि आपल्या ‘आवर्तन’, ‘परिवर्तन’ यांतला ‘वृत्’ त्याच घराण्यातला धरतात.

तिसरा थर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला. ‘आपण मूळचे लॅटिन’ ही जाणीव जोर धरू लागली, फ्रेंच, इटालियन आणि पुस्तकी लॅटिनमधून शब्दांची आयात झाली, आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिरिलिक सोडून रोमन लिपी अधिकृत झाली. जुने स्लाव्ह शब्द यामुळे घराबाहेर गेले असं नाही. ‘तारीख’च्या शेजारी ‘दिनांक’ येऊन बसला आणि तारीख काही उठून गेली नाही, तसंच. पुढे येणारे तासाचे दोन शब्द यातूनच झालेत.

‘तिंप’ आणि ‘व्रेमे’ दोघांनाही आणखी एक अर्थ आहे, आणि तो इंग्रजी ‘टाइम’ला नाही : हवामान. लॅटिनच्या लेकींमध्ये ही सवय जुनीच आहे, फ्रेंचमध्येही वेळ आणि हवा यांना एकच शब्द आहे. तिकडे स्लाव्ह भाषांपैकी रशियनमध्ये हा शब्द फक्त वेळेपुरता राहिला, पण बल्गेरियन आणि सर्बियन या दक्षिणेकडच्या भाषांत तो हवेलाही चालतो. रोमेनियनने तो दक्षिणेकडूनच घेतला. म्हणजे एका भाषेला दोन वेगवेगळ्या घरांतून वेळेचे दोन शब्द मिळाले आणि दोन्ही येताना हवा बरोबर घेऊन आले. आज बातम्यांनंतर हवामान सांगतात त्याला ‘व्रेम्या’ म्हणतात. शेवटी जोडलेला ‘आ’ हे त्यांचं निश्चयवाचक उपपद. इंग्रजीत जे शब्दाआधी सुटं येतं ते इथे आपल्या प्रत्ययासारखं शेपटीला लागतं. म्हणून तिंपचं ‘तिंपुल’, ओरऽचं ‘ओरा’.

वेळ आणि हवा एकाच शब्दात, हे ऐकून आपल्याला विचित्र वाटतं खरं. पण पावसाळा म्हणजे पावसाचा काळ, उन्हाळा म्हणजे उष्णकाळ, हिवाळा म्हणजे हिमकाळ. शेवटच्या ‘आळा’त काळच लपून बसलाय. रोमेनियनमध्ये ऋतूला ‘आनोतिंप’ म्हणतात, ‘आन’ म्हणजे वर्ष आणि ‘तिंप’ म्हणजे काळ. जिथे शेती पावसावर किंवा बर्फावर ठरते तिथे ‘कोणती वेळ आहे?’ आणि ‘हवा कशी आहे?’ हे दोन प्रश्न फारसे लांबचे नसणारच.

मग एखाद्या वाक्यात वेळ आहे की हवा, हे कळतं कसं? पुष्कळदा वचनावरून. ‘चे व्रेमे!’ म्हणजे ‘काय हवा आहे!’ आणि ‘चे व्रेमुरि!’ म्हणजे ‘काय दिवस आलेत!’ किंवा ‘काय दिवस होते ते!’ एकवचनात आभाळाकडे बघायचं, अनेकवचनात इतिहासाकडे. ‘पे व्रेम्या म्या’ ही तर प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडची सुरुवात, आपली ‘आमच्या वेळी’. ‘पे व्रेम्या लुइ चाउशेस्कु’ असंही रोज कानावर पडतं, हुकूमशहा चाउशेस्कुच्या काळात, म्हणजे १९६५ ते १९८९. त्यानंतर जे वाक्य येतं ते बोलणाऱ्याच्या वयावर अवलंबून असतं.

अनेकवचनाची ही चलाखी या भाषेत वारंवार दिसते आणि मला तीच सगळ्यात आवडते. ‘तिंप’ची अनेकवचनं दोन आहेत. ‘तिंपुरि’ म्हणजे युगं, जमाने, किंवा व्याकरणातले काळ. ‘तिंपि’ म्हणजे टप्पे, मोजलेले ठोके. फोर-स्ट्रोक इंजिनाला रोमेनियात ‘मोतोर इन पात्रु तिंपि’ म्हणतात, चार टप्प्यांचं इंजिन. आणि इथे लिंगही बदलतं : ‘तिंपुरि’वाला तिंप नपुंसकलिंगी, ‘तिंपि’वाला पुल्लिंगी. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन यांनी लॅटिनचं नपुंसकलिंग जवळपास टाकून दिलं, रोमेनियनमध्ये मात्र एक चमत्कारिक नपुंसकलिंग आहे. एकवचनात ते पुल्लिंगासारखं वागतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं. हिंदी भाषकाला हे समजावताना घाम फुटेल. आपल्याला ‘तो वेळ, ती वेळ’ची सवय आहे, त्यामुळे एकच शब्द लिंग बदलून अर्थ बदलतो यात आपण दचकत नाही.

आता ‘ती वेळ’, घड्याळातली.

किती वाजले हे विचारायला ‘तिंप’ अजिबात चालत नाही. ‘कित ये ओरा?’ किंवा ‘कित ये च्यासुल?’ असं विचारतात. (‘कित’मधला स्वर ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला आहे, तो कानाने ऐकूनच शिकावा लागतो.) ‘ओरऽ’ म्हणजे तास आणि ‘किती वाजता’मधली वेळ. ‘च्यास’ म्हणजे घड्याळ, जुन्या बोलण्यात तास, आणि नशिबाने ठरवलेली घटकाही. च्यास स्लाव्ह, ओरऽ लॅटिन. एकच शब्द काळाच्या तुकड्याला आणि तो मोजणाऱ्या यंत्राला, हे आपल्याकडेही आहेच. घटका म्हणजे २४ मिनिटं, ती मोजायचं ते घटिकापात्र, आणि त्याच घटीतून भिंतीवरचं घड्याळ.

मराठी माणसाने रोमेनियन घड्याळ वाचायला शिकणं तर अगदीच सोपं. सव्वातीन म्हणजे ‘त्रेइ शि उन स्फेर्त’, तीन आणि एक पाव. साडेतीन म्हणजे ‘त्रेइ शि झुमताते’, तीन आणि अर्धा. आणि पावणेचार म्हणजे ‘पात्रु फरऽ उन स्फेर्त’, शब्दशः ‘पाव नसलेले चार’. ‘पावणे’ची फोड करा, पाव उणे. हेच ते. इंग्रजी माणूस चाराकडे पाव तास चालत जातो, आपण आणि रोमेनियन लोक चारातून पाव काढून घेतो. क्लुजच्या सहकाऱ्याला मी ‘पावणेचार’ उलगडून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग मीटिंग तुमच्या भाषेत ठेवू, गोंधळ तरी होणार नाही. गोंधळ होतोच, पण तो दुसऱ्या कारणाने. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे पहाटे तीनचे एकदम चार करतात, ती ‘ओरा दे वारऽ’, उन्हाळ्याची वेळ, आणि मग फरक अडीच तासांवर येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चाराचे पुन्हा तीन. त्या दिवशी रोमेनियात २५ तास असतात. आठवण करून देणाऱ्या ॲपसाठी ही एक स्वतंत्र डोकेदुखी आहे, तिच्यात आत्ता शिरत नाही.

‘च्यास’चा नशिबाशी संबंध सांगितला, त्याचं एक उदाहरण फार ओळखीचं वाटेल. रोमेनियात मंगळवार अशुभ मानतात आणि म्हणतात, ‘मार्त्सि, त्रेइ च्यासुरि रेले’, मंगळवार, तीन वाईट घटका. आपल्याकडे राहुकाळ बघून निघणाऱ्याला हे समजावायला नको. ‘मार्त्सि’ हा वारही मंगळ ग्रहाचाच, कारण लॅटिन वार आणि आपले वार एकाच ग्रहगणनेतून आलेत. त्या गणनेत दिवसाचे २४ होरे, प्रत्येक होऱ्याला एक ग्रह, आणि दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा ग्रह तो त्या वाराचा स्वामी. हा आपला पंचांगातला ‘होरा’ मूळ ग्रीक. वराहमिहिराने काही जणांचं मत म्हणून ‘अहोरात्र’ची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळून होरा झाल्याचं दिलंय, पण अभ्यासक ग्रीकच मानतात. तोच ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत ‘अवर’ झाला आणि रोमेनियनमध्ये ‘ओरऽ’. म्हणजे ज्योतिषी ‘होरा’ सांगतो आणि क्लुजची मुलगी ‘ओरा’ विचारते, तेव्हा दोघं एकच शब्द उच्चारत असतात. (रोमेनियात हात धरून गोलाकार नाचतात त्या नाचालाही ‘होरा’ म्हणतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी आधी तो लावून मोकळी झाले होते.)

ग्रीक-लॅटिनचा हा शब्द रोमेनियनमध्ये दोनदा आला, ही त्याची खरी मजा. ‘ओरऽ’ नंतर, पुस्तकांतून आयात झाला. पण त्याच्या आधी शेकडो वर्षं तो लोकांच्या तोंडात झिजत झिजत ‘ओआरऽ’ झाला होता, आणि झिजताना त्याचा घड्याळाशी असलेला संबंध तुटला. ‘ओआरऽ’ म्हणजे आता तास राहिला नाही. ‘ओआरऽ’ म्हणजे खेप, आणि त्याचं अनेकवचन ‘ओरि’ म्हणजे वेळा.

इथे आपण तिसऱ्या कप्प्यात आलो, मोजणीच्या.

‘दे त्रेइ ओरि पे झि’ म्हणजे दिवसातून तीन वेळा. आमच्या ॲपला नेमकं हेच हवं होतं. रोमेनियात डॉक्टरही असंच सांगतात. दोनदा म्हणजे ‘दे दोवअ ओरि’, दहादा म्हणजे ‘दे झेचे ओरि’. एकदाचा मात्र वेगळा नियम. तिथे ‘ओरि’ नाही, ‘ओ दातऽ’ येतं. ‘दातऽ’ हा तिसराच शब्द, मूळ ‘देणे’ या क्रियापदातला, म्हणजे आपल्या ‘दत्त’चा दूरचा भाऊ. ‘ओ दातऽ’ आणि ‘एकदा’ कानाला सारखे वाटतात, पण तो निव्वळ योगायोग. आपला ‘दा’ हा कदा, सदा, तदा यांतला जुना प्रत्यय आहे, त्यात देण्याघेण्याचा प्रश्न नाही. आणि अनेकवचनाची चलाखी इथेही आहे. ‘दातऽ’चं अनेकवचन ‘दाते’ केलं तर कॅलेंडरातल्या तारखा, ‘दत्सि’ केलं तर खेपा.

‘पहिल्यांदा’ म्हणायला ‘प्रिमा दातऽ’ किंवा ‘प्रिमा ओआरऽ’, दोन्ही चालतं. ‘या वेळी’ म्हणजे ‘दे दाता आस्ता’. ‘पुढच्या वेळी’ म्हणजे ‘दाता विइतोआरे’. या सगळ्यात इंग्रजीत ‘टाइम’ आहे, रोमेनियनमध्ये तिंपाचा मागमूस नाही. आमच्या चौथ्या स्क्रीनवर ‘प्रिमुल तिंप’ असं शिवलेलं होतं. ते वाचून माणसाला आधी कोणता तरी मोजलेला ठोका, गाण्यातला किंवा इंजिनातला, आठवेल.

‘ओरि’ गुणाकारालाही चालतो. ‘त्रेइ ओरि चिंचि फाक चिंच्स्प्रेझेचे’ म्हणजे तीन पाचे पंधरा. पाचाला चिंच म्हणतात हे कळल्यावर आमच्या टीममधल्या एकीने आठवडाभर दुसरं काही म्हटलं नाही. आपल्या पाढ्यांत मात्र वेळांचा शब्दच नाही. बे दुणे, बे त्रिक, बे चोक, बे पंचे. गुणणाऱ्या आकड्यालाच वेगळं रूप देऊन आपण मोकळे होतो. लहानपणी रट्टा मारताना हे कधी लक्षात आलं नव्हतं.

‘ओरि’ आणि ‘दातऽ’ आणखी कितीतरी शब्दांत मिसळून गेलेत. ‘उनेओरि’ म्हणजे कधीकधी, काही खेपांना. ‘देसेओरि’ म्हणजे वारंवार. ‘देओदातऽ’ म्हणजे एकदम. ‘निच्योदातऽ’ म्हणजे कधीच नाही, शब्दशः ‘एकदाही नाही’. आणि ‘ओदातऽ’ जोडून लिहिलं तर ‘पूर्वी कधीतरी’ किंवा ‘पुढे कधीतरी’, तोडून ‘ओ दातऽ’ लिहिलं तर ‘एक वेळ’. हे जोडायचं की तोडायचं यावर रोमेनियन शाळांत लाल शाई बरीच खर्च होते, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावर होते तशी.

याच दोन शब्दांनी त्यांच्या गोष्टींची सुरुवात होते : ‘आ फोस्त ओदातऽ का निच्योदातऽ’. एकदा होतं, जसं कधीच नव्हतं. आपली आजी ‘आटपाट नगर होतं’ म्हणून आधी जागा मांडते. रोमेनियन आजी आधी वेळ मांडते आणि त्याच वाक्यात ती पुसूनही टाकते. मला हे वाक्य त्या सगळ्या एक्सेल फाइलपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि मग येतात असे ‘टाइम’, ज्यांच्यासाठी रोमेनियनमध्ये वेळेचा कुठलाच शब्द लागत नाही. ‘मजेत वेळ गेला का?’ हे ते ‘करमणूक झाली का?’ असं विचारतात. ‘अधूनमधून’ला ‘दिन किंद इन किंद’, म्हणजे ‘केव्हापासून केव्हात’. शाळेचं वेळापत्रक ‘ओरार’ आहे, त्यात निदान तास तरी आहेत. पण रेल्वेच्या वेळापत्रकाला म्हणतात ‘मेर्सुल त्रेनुरिलोर’, गाड्यांचं चालणं. गाडी किती वाजता येईल याचं वचन त्या नावात नाही, ती चालते एवढंच आहे. आपल्याकडे हे नाव कोकण रेल्वेला पावसाळ्यात द्यायला हरकत नाही.

‘क्षणात’ म्हणायचं असेल तर ‘कित आय झिचे पेश्ते’, तू ‘मासा’ म्हणशील तेवढ्यात. मासाच का, कोण जाणे. ऐकायला अचाट वाटतं, पण ‘हां हां म्हणता’ आपण तेच करतो. एक छोटा शब्द उच्चारायला लागणारा अवधी, तेच मोजमाप. यात इंग्रजी ‘टाइम’ घुसवायला गेलं तर दोन्हीकडचे लोक तोंडाकडे बघत बसतील.

ॲपचं शेवटी असं केलं. एक ओळ होती तिच्या चार ओळी केल्या आणि प्रत्येकीशेजारी हा ‘टाइम’ कुठे दिसणार आहे ते साध्या वाक्यात लिहिलं : घड्याळातला आकडा, दिवसातल्या खेपा, उरलेला अवधी, पहिली भेट. भाषांतरकाराने दहा मिनिटांत चार उत्तरं दिली : ‘ओरा’, ‘दे किते ओरि’, ‘तिंप’, ‘प्रिमा दातऽ’. शिवलेले तुकडे उसवले आणि पूर्ण वाक्य एकत्र पाठवलं.

मग सहज मराठी आवृत्तीची फाइल उघडली. तिथे अर्थातच अजून एकच ओळ होती. डावीकडे ‘टाइम’, उजवीकडे ‘वेळ’. मराठीत ॲप सुरू केलं आणि दुसऱ्या स्क्रीनवर गेले. तिथे लिहिलं होतं, ‘वेळ : ३’. कोणीही वाचलं असतं तर गोळी दुपारी तीनला एकदाच घेतली असती. दोन महिने ते तसंच होतं. ऑफिसात आम्ही नऊ जण मराठी, आणि प्रत्येकाच्या फोनवर ॲप इंग्रजीतच होतं, माझ्यासकट.